मामावर आलेला दात

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी मी खुशीला न्हाऊ घालत होते. ती तेव्हा साडेतीन महिन्यांची होती. नेरपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव आहे, आणि गावातल्या लेकरांना न्हाऊ घालण्याचं काम चाळीस वर्षांपासून माझ्याकडे आहे. पाटावर पाय लांब करून बसायचं, लेकरू पिंढऱ्यांवर पालथं घ्यायचं, पाठीत तेल जिरवायचं, मग उताणं करून छाती, पोट, टाळू. पाणी घालून झालं की करंगळीला मऊ फडकं गुंडाळून तोंड आतून पुसायचं. लेकराला दात येणार असला तर घरच्यांच्या आधी या करंगळीला कळतं.

त्या दिवशी वरच्या हिरडीला, समोर थोडं डावीकडे, टोक लागलं. ओठ वर करून पाहिलं तर दात होता. साडेतीन महिने म्हणजे लवकरच, पण लवकर आलेले दात मी आधी पाहिले होते. दाताच्या मागची हिरडी मात्र फुगलेली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी फुगी, रंगानं निळसर. तशी फुगी मी कधी पाहिली नव्हती.

मी दात सांगितला. फुगी सांगितली नाही. दाताचं मला माहीत होतं, फुगीचं माहीत नव्हतं.

"कोकिळाबाई, वरचा आला," मी म्हणाले. "मामावर हाय."

कोकिळा म्हणजे खुशीच्या बापाची आई. ती ओले हात लुगड्याला पुसत न्हाणीशी आली.

"नीट पाहा बाई. खालचा असंन."

"खालची हिरडी सपाट हाय. वरचाच."

खुशीची आई प्रेरणा टॉवेल घेऊन दारात उभी होती. टॉवेल द्यायचा ती विसरली, आणि लेकरू माझ्या पायांवर काकडायला लागलं.

आमच्याकडे असं मानतात की लेकराचा पहिला दात खालून यावा. वरून आला तर तो मामावर येतो, म्हणजे मामाच्या जिवाला त्याचा भार होतो. मग मामानं काशाची वाटी आणायची, वाटीत तेल घालायचं आणि आधी त्या तेलात भाच्याचं तोंड पाहायचं. तसं न करता त्यानं दात सरळ डोळ्यांनी पाहिला तर भार उतरत नाही. हे मी माझ्या सासूकडून ऐकलं होतं, आणि गावात किती घरी सांगितलं असेल याचा हिशेब नाही.

प्रेरणाला भाऊ एकच, अमर. वडील गेले तेव्हा ती सातवीत होती आणि तो एकोणीस वर्षांचा. वडिलांच्या जागी तो राजूरकडच्या कोळशाच्या खाणीत लागला. त्यानं तिला बारावीपर्यंत शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि स्वतःचं लग्न अजून केलं नाही. तो रोज जमिनीखाली उतरतो. अशा भावाच्या जिवावर भार म्हणजे काय, हे प्रेरणाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुपारी घरात यावर बोलणं झालं. मी तेलाची वाटी घासत बसले होते. खुशीचे आजोबा भगवानराव म्हणाले, "सांगून द्या अमरले. वाटी घेऊन ये म्हणा. हाय काय अन् नाही काय."

"सांगतलं तं दादा हसंन," प्रेरणा म्हणाली. "हसंन, अन् मुद्दाम येऊन पह्यले दातच पाहीन. मी ओळखते त्याले."

"मंग काय करतं?"

"काही नाही सांगायचं. खालचे दोन येऊ द्या. मंग पह्यला कोणता आला होता कोणाले कळते?"

कोकिळेला हे पटलं. मलाही पटलं. खुशीचा बाप प्रफुल हार्वेस्टर चालवतो. तो सोयाबीनच्या कापणीसाठी मध्य प्रदेशात गेलेला होता. त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही ठरवा.

तिसऱ्या दिवशी राजूरहून निरोप आला. ड्यूटीवरून घरी जाताना अमरची गाडी घसरली आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, सहा आठवडे रजा.

त्यानंतर घरात कोणालाच शंका राहिली नाही. भगवानराव तोवर असल्या गोष्टी थोड्या चेष्टेवर न्यायचे, त्यांनीही चेष्टा थांबवली. मला काय वाटलं तेही लिहिते. अमर पडल्याचं वाईट वाटलं, आणि आपला शब्द खरा निघाला याचं बरं वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं.

अमर घरी बसून होता, म्हणून दिवसातून दोनदा व्हिडिओ कॉल करायचा. प्रेरणा खुशीला पाळण्यात ठेवायची आणि मोबाइल तिच्या पायांकडे धरायची.

"अवो, पोट्टीचं तोंड दाखव ना," अमर म्हणायचा. "रोज रोज पायच काय दाखवतं? मी काय मोजे शिवून राह्यलो काय?"

"झोपली हाय दादा."

"मंग पाय कायले हलून राह्यले?"

"झोपेतच हलवते थे."

कोकिळा बाजूला उभी राहून तोंडाला पदर लावायची. हसू दाबायला की आणखी कशाला, मला कळलं नाही.

गणपती बसले तेव्हा फुगी तुरीच्या दाण्याएवढी झाली होती. गणपती उठले तेव्हा बोराएवढी, आणि रंग पिकल्या जांभळाचा. दात तिच्यावर आडवा झाला होता, वाऱ्यानं कललेल्या कपाशीच्या पऱ्हाटीसारखा. खुशी दूध ओढताना मध्येच सोडायची आणि चिडायची. प्रेरणा म्हणायची, दाताचा त्रास आहे. कोकिळा म्हणायची, वरचा दात आहे, त्रास देणारच. मी रोज सकाळी त्या फुगीवरून करंगळी फिरवत होते. गळू दाबलं की लेकरू रडतं. खुशी रडत नव्हती. गळू मऊ असतं. ही फुगी कच्च्या बोरासारखी टणक होती.

लशीच्या दिवशी उपकेंद्रात गर्दी होती. प्रेरणानं खुशीला छातीशी तोंड लावूनच नेलं आणि तशीच मांडी पुढं केली. सुई टोचून झाली, तोंड कोणी पाहिलं नाही, दोघी परत आल्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले असते तर पहिल्या दिवशी फुगी का सांगितली नाही, हेही सांगावं लागलं असतं. आणि हे दाताचं काम नाही असं म्हटलं असतं, तर मग मामावर आहे हे कशावरून म्हटलं, असं कोणी विचारलं असतं. मी उद्या बोलू, परवा बोलू असं करत राहिले.

मग अमरचा फोन आला की रविवारी येतो.

कोकिळेनं फोन हातात घेतला. "पितृपक्ष सुरू हाय बाबू. पक्ष उलटू दे, नवरात्रात ये."

"मी काय नवरदेव हाव काय मावशी, मुहूर्त पाहून याले? घरी बसून बसून भिंती मोजून झाल्या. रविवारी येतो. भाजी काही विशेष नोका करू, वांग्याचं भरीत करा."

फोन ठेवल्यावर कोकिळा खाटेवर बसली. खालची हिरडी अजून सपाट होती. खालचा दात यायची काही खूण नव्हती.

"धुरपताबाई," ती मला म्हणाली, "थो दात हलते ना?"

"हलते."

"मंग काढून टाका. दातच नाही तं भार कायचा?"

भगवानराव दाराबाहेर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "काढाचाच असंन तं दवाखान्यात काढा."

"दवाखान्यात इचारतीन, काहून काढता म्हणून. काय सांगू? मामाचं मनगट मोडलं म्हणून?"

मी प्रेरणाकडे पाहिलं. ती खुशीला मांडीवर घेऊन बसली होती.

"काढ माय," ती म्हणाली.

तो शुक्रवार होता. सकाळच्याच पाण्याच्या वेळेला, न्हाणीत, मी खुशीला पायांवर घेतलं. प्रेरणानं डोकं धरलं. दाताला दोरा बांधायचा म्हणून मी दोरा भिजवून ठेवला होता, पण तो लागला नाही. दोन बोटांनी दात धरला आणि तो हातात आला. ओढावं लागलं नाही. पिकल्या सीताफळातून बी निघावी तसा निघाला. रक्त आलं, फडक्यानं दाबून धरल्यावर थांबलं. खुशी रडली, पण सुई टोचल्यावर रडली होती त्यापेक्षा कमी.

दाताला मूळ जवळपास नव्हतंच. तो जिथून निघाला तिथं मी करंगळी लावली. हाड लागायला हवं होतं. हाड लागलं नाही.

कोकिळेनं दात शेणाच्या गोळ्यात घातला आणि घराच्या छपरावर, टिनांवर फेकला. प्रेरणानं पहिल्यांदाच, इतक्या दिवसांनी, पोटभर जेवण केलं. मी घरी गेले आणि दुपारी झोपले नाही.

रविवारी अमर आला. डाव्या हातात पिशवी, उजवा हात गळ्यात अडकवलेला. उंबऱ्यातच पिशवी ठेवून त्यानं खुशीला डाव्या हातावर घेतलं. सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो तिच्याकडे पाहत होता.

"हिचा ओठ काहून वर गेला?"

"गांधीलमाशी चावली असंन," कोकिळा म्हणाली.

"ओठाले नाही चावली मावशी. ओठ आतून लोटला हाय. नाकपुडी पाहा. एक वर, एक खाली." त्यानं अंगठ्यानं ओठ उचलला. मग तो खाली बसला. "हे काय हाय? हे कधीपासून हाय?"

"आताच," प्रेरणा म्हणाली. "चार-पाच दिवस."

"दवाखान्यात नेलं?"

त्यानं भरीत खाल्लं नाही. सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही यवतमाळला निघालो. अमर, प्रेरणा, खुशी आणि मी. कोकिळेचे गुडघे चालत नाहीत म्हणून मी. बसमध्ये अमर एका हातानं दांडा धरून उभा होता आणि दर थोड्या वेळानं खाली वाकून खुशीकडे पाहत होता. प्रेरणा त्याच्या प्लास्टरकडे पाहत होती.

आधी लहान मुलांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाठवलं, जबड्याच्या डॉक्टरांकडे. दारावरची पाटी मी जुळवत जुळवत वाचली. नाव सुनीती होतं. बाई चाळिशीच्या, आवाज हळू. त्यांनी खुशीला खुर्चीत न घेता प्रेरणाच्या मांडीवरच ठेवून पाहिलं. दिवा लावून पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं, फोटो काढला. मग कागद घेतला.

"सूज केव्हापासून आहे?"

"चार-पाच दिवस झाले," प्रेरणा म्हणाली.

"चार दिवसांत एवढी झाली?"

"हो."

"इथं हिरडीत भोक दिसतंय. दात आला होता का?"

प्रेरणानं अमरकडे पाहिलं. तो तिच्या खुर्चीमागं उभा होता. "नाही," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, मी उगाच विचारत नाही. या वयात, या जागी, असल्या दोन-तीन प्रकारच्या गाठी होऊ शकतात. दिसायला जवळपास सारख्या. चार दिवसांत एवढी वाढली असेल तर एक विचार करावा लागतो, महिनाभरात वाढली असेल तर दुसरा. एकीला आधी औषध, दुसरीला आधी ऑपरेशन. तुकडा तपासायला पाठवूच, पण तपासणाऱ्यालाही मला हे लिहून द्यावं लागतं. त्यामुळं नीट आठवून सांगा."

"चार-पाच दिवस," प्रेरणा परत म्हणाली.

मला दिसत होतं की ती खोटं बोलत राहणार. लेकरू तिच्या मांडीवर होतं आणि भाऊ मागं उभा होता, आणि तिला दोघांपैकी एकालाच झाकता येत होतं. मी म्हणाले, "दात आला होता. तान्ह्या पोळ्याले. मी पाह्यला. परवाच्या शुक्रवारी मीच काढला."

"माय," प्रेरणा म्हणाली. एवढंच.

डॉक्टरबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुम्ही कोण?"

"लेकरायले न्हाऊ घालते गावात. रोज तोंड पुसते."

"पोळ्याला सूज होती?"

"ज्वारीएवढी. गणपती बसले तवा तुरीएवढी. उठले तवा बोराएवढी. आता तुम्ही पाहूनच राह्यल्या."

"रंग?"

"पह्यल्या दिवसापासून निळा."

"दुखत होतं तिला?"

"दाबलं तं रडे नाही. टणक होतं."

"दात काढताना जोर लागला?"

"नाही. सीताफळाच्या बीसारखा निघाला. अन् खाली हाड नव्हतं."

त्या लिहीत होत्या. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "सत्तावीस दिवस," त्या म्हणाल्या.

"दात काढल्यानं झालं काय हे?" मी विचारलं.

"नाही. दात काढल्यानं झालं नाही. गाठ आधीपासून आत होती. तिनंच दाताचा कोंब ढकलून बाहेर काढला. म्हणून तो इतक्या लवकर दिसला."

"म्हणजे दात आलाच नव्हता."

"आला नव्हता. लोटला गेला होता."

"अन् त्याच दिवशी आणलं असतं तं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टाळाटाळ केली नाही. "तर लहानसं काढावं लागलं असतं. आता जास्त काढावं लागेल." त्यांनी गाठीचं नाव कागदावर लिहिलं. ते इंग्रजीत होतं आणि ओळभर लांब होतं. मी विचारल्यावर त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. फार थोड्या लेकरांना होते, बहुतेक पहिल्या वर्षातच, बहुतेक वरच्या जबड्यात. कॅन्सर नसते, पण हाड खात जाते आणि वेगानं वाढते. खात्री तुकड्याच्या तपासणीनं होईल. नागपूरला जा, उद्याच जा, मी फोन करते.

बाहेर बाकावर बसल्यावर अमरनं विचारलं, "दात कायले लपवला?"

प्रेरणा सांगेना. मी सांगितलं. वरचा दात, मामावर, तेलाची वाटी, मनगट, सगळं. पहिल्यांदा कोण बोललं तेही.

अमर ऐकत राहिला. मग त्यानं प्लास्टर वर केलं. "माह्या गाडीपुढं म्हैस आली होती, आजी. तिचा पह्यला दात वरचा होता का खालचा, थे इचारून येतो मी."

मी खाली पाहिलं. तो हसत नव्हता. मग तो बहिणीकडे वळला.

"तू मले इचारलं असतं."

"इचारलं असतं तं तुले मालूम पडलं असतं."

"पडलं असतं तं काय झालं असतं?"

"मालूम नाही," प्रेरणा म्हणाली. "म्हणूनच तं भेव लागे."

"महिनाभर पोट्टीचं हाड गेलं माह्या पायी."

"तू रोज खाली उतरतं दादा. आम्ही वर राहतो. आम्हाले काय मालूम खाली काय होते."

त्यानं खुशीला तिच्या मांडीवरून उचललं आणि दवाखान्याच्या आवारात डाव्या हातावर घेऊन फिरत राहिला. आम्ही दोघी बाकावर बसून होतो. आमच्यामध्ये पिशवी ठेवलेली होती. ती प्रेरणानंच मध्ये ठेवली होती.

नागपूरला आधी गुंगी देऊन फोटो काढले आणि तुकडा काढला. या गाठीची खूण कधी कधी लघवीत सापडते म्हणून लघवीही तपासली. पाच दिवसांनी कळलं की यवतमाळच्या बाईंनी लिहिलं होतं तेच आहे. प्रफुल मध्य प्रदेशातून आला. ऑपरेशनच्या दिवशी तो, प्रेरणा आणि अमर तिघं होते. मी गेले नाही. मला कोणी या म्हटलं नाही. जे झालं ते प्रफुलनं नंतर सांगितलं. तीन तास लागले. वरच्या जबड्याचा समोरचा डावा तुकडा काढला, आणि थोडा उजवीकडचाही, कारण गाठीभोवतीचं चांगलं हाडही थोडं काढावं लागतं, नाहीतर ती परत येते. त्या हाडात दुधाच्या चार दातांचे कोंब होते. त्यांच्यामागं पक्क्या दातांचेही होते. तेही गेले. मोठी झाल्यावर खोटे दात बसवता येतील, आणि जबड्याचं आणखी एक-दोनदा काम करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाठ परत येऊ शकते, आली तर बहुतेक पहिल्या वर्षात येते, म्हणून वर्षभर दर महिन्याला दाखवायचं.

"महिन्याभरापूर्वी आणलं असतं तं किती दात गेले असते?" प्रफुलनं डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, एक किंवा दोन, नक्की सांगता येत नाही.

दिवाळीच्या आधी ते गावी आले. खुशीला दूध द्यायला नाकातून घातलेली नळी निघाली होती, ती बाटलीनं दूध पीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला तेलाची वाटी घेऊन गेले. न्हाणीत प्रेरणा पाटावर बसली होती. खुशी तिच्या पायांवर होती. तिला लेकरू पालथं धरता येत नव्हतं, ते घसरत होतं, आणि ती एक हात तिच्या तोंडाखाली धरून पाणी घालत होती.

"मी घालते माय आता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी परत आले. तिचं बरोबर होतं. कोकिळा नंतर रस्त्यात भेटली की थांबायची, इकडचं तिकडचं बोलायची. प्रेरणा थांबायची नाही. गावात दुसरी तीन लेकरं त्या हिवाळ्यात जन्मली. मला बोलावणं आलं. मी न्हाऊ घातलं. दातांबद्दल कोणी विचारलं तर मला समजत नाही असं सांगितलं. बायांना आश्चर्य वाटायचं.

दर महिन्याला प्रेरणा खुशीला घेऊन नागपूरला जायची. सगळं ठीक दिसत होतं म्हणून मार्चपासून दोन महिन्यांनी बोलवायला लागले. अमरचं प्लास्टर निघालं, तो कामावर जायला लागला. शक्य असेल तेव्हा तो नागपूरला परस्पर पोचायचा. खालचे दोन दात आले, मग खालचे आणखी दोन. खुशी भाकरीचा तुकडा समोरून तोडायची नाही, गालात बाजूला सारून चघळायची.

पुढच्या जुलैत, पेरण्या झाल्यावर, एका संध्याकाळी प्रेरणा माझ्या दारात आली. खुशी कडेवर होती. नऊ महिन्यांत ती माझ्या घरी आली नव्हती.

"माय, पाहा," ती म्हणाली. तिचा श्वास लागलेला होता. तिनं खुशीचा वरचा ओठ बाजूला ओढला. जिथं काढलं होतं त्या जागेच्या मागं, उजव्या बाजूला, हिरडी फुगलेली होती. तुरीच्या दाण्यापेक्षा मोठी. निळी.

"हात लावून पाहा ना. टणक हाय का मऊ हाय?"

मी हात लावला नाही. मला वाटत होतं की हे दुसरं काहीतरी आहे. दाढ यायच्या जागी होतं, आणि दाढ येताना हिरडीत रक्त साकळलेलं मी पाहिलेलं होतं. तोंडावर आलेलं मी गिळलं.

"मले नाही समजत," मी म्हणाले. "सकाळी पह्यली गाडी कितीले हाय?"

"तुले समजते. तू नुसतं सांग."

"नाही समजत. चल, मी येते सोबत."

ती उभी राहिली. रागावली असेल, मला वाटतं. मग म्हणाली, "साडेपाचले."

साडेपाचच्या गाडीनं आम्ही निघालो. यवतमाळला गाडी बदलली. कळंब गेलं, वर्धा गेलं. खुशी माझ्या मांडीवर झोपली तेव्हा प्रेरणानं तिला परत घेतलं नाही. एकदा ती म्हणाली, "परत काढावं लागलं तं काय उरते?" मी म्हणाले, मालूम नाही.

नागपूरला दोन तास बसावं लागलं. डॉक्टर तरुण होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी खुशीला प्रेरणाच्या मांडीवर आडवं घेतलं आणि दिवा लावला. फुगीवर बोट दाबलं. बोट उचललं, परत दाबलं.

"दाढ येतेय," ते म्हणाले. "वर थोडं रक्त जमलंय. आपोआप फुटेल. काही करायचं नाही."

"परत पाहा," प्रेरणा म्हणाली.

"पाहिलं ना ताई."

"परत पाहा."

त्यांनी चष्मा खाली घेतला. जुना फोटो मागवून उजेडाला धरला, मग दिवा जवळ ओढून पुन्हा बोट आत घातलं आणि या वेळी बराच वेळ ठेवलं. काढलेल्या जागेवरून फिरवलं, टाळूवरून फिरवलं, दुसऱ्या बाजूला नेलं. प्रेरणा त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. खुशीनं वरच्या हिरडीनं आणि खालच्या चार दातांनी त्यांचं बोट धरलं आणि चावलं.

डॉक्टरांनी बोट बाहेर काढून पाहिलं. "जोर आहे," ते म्हणाले. "दाढच आहे. बाकी सगळं स्वच्छ आहे."

त्यांनी पुढची तारीख लिहून दिली. ती तीन महिन्यांनंतरची होती.